कामाचं बिल अडकलंय? कोर्टाची पायरी चढण्याआधी करारातलं लवादाचं कलम वाचा

गावातला काँक्रीट रस्ता होतो, गटार होते, शाळेची खोली उभी राहते. फीत कापली जाते, फोटो निघतात. बिल मात्र निघत नाही. ठेकेदार पंचायत समितीच्या आणि बांधकाम उपविभागाच्या चकरा मारतो. साहेब बदलतात, निधी येतो-जातो, आणि सिमेंटवाला, खडीवाला, मजूर मात्र रोज दारात उभे. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यातल्या ठेकेदार संघटनांना रस्त्यावर उतरावं लागलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

खासगी कामातही हेच होतं. गोदाम बांधून दिलं, बंगला बांधून दिला, शेवटचा हप्ता मालकानं अडवला. अशा वेळी ठेकेदार म्हणतो, "आता कोर्टातच भेटू." पण कोर्टात जायचं की लवादाकडे, हे त्या दिवशी ठरत नाही. ते करारावर सही केली त्याच दिवशी ठरलेलं असतं. करारातल्या शेवटच्या पानावरचं एक कलम बहुतेक जण वाचत नाहीत, आणि पुढे तेच कलम दोन-तीन वर्षं खाऊन टाकतं.

एक उदाहरण

समजा, एका ठेकेदारानं ४० लाखांत गोदाम बांधायचा करार केला. करार टायपिंगवाल्याकडच्या तयार मसुद्यावरून झाला. काम पूर्ण झालं, २८ लाख मिळाले, १२ लाख राहिले. वर्षभर "देतो, देतो" ऐकलं आणि मग त्यानं दिवाणी कोर्टात दावा लावला. समोरच्या मालकानं पैसे देणं आहे की नाही यावर एक शब्दही न बोलता एवढाच अर्ज दिला, की करारात लवादाचं कलम आहे, प्रकरण लवादाकडे पाठवा. त्या अर्जावर दीड वर्ष गेलं. शेवटी कोर्टानं अर्ज मान्य केला. १२ लाखांवर एकही साक्ष झाली नाही, आणि ठेकेदार पुन्हा पहिल्या पायरीवर आला.

इथे कोर्ट चुकलं नाही, कायदाच तसा आहे. चूक एवढीच झाली की दावा लावण्याआधी कराराचं ते पान कुणी वाचलं नाही.

लवाद म्हणजे काय?

दोन्ही बाजूंनी आधीच लिहून ठेवलेलं असतं, की भांडण झालं तर कोर्टात न जाता एका किंवा तीन तटस्थ पंचांसमोर जाऊ आणि तो देईल तो निवाडा मान्य करू. यालाच लवाद म्हणतात. निवाडा देणाऱ्याला वकील 'आर्बिट्रेटर' म्हणतात. इथे सोपं म्हणून 'पंच' म्हटलं आहे. पण ही चावडीवरची पंचायत नव्हे. लवाद व सलोखा कायदा, १९९६ प्रमाणे तो चालतो, आणि त्याचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा वसूल करता येतो.

लवादाचा करार लेखी असावा लागतो. तो वेगळ्या कागदावर असलाच पाहिजे असं नाही. मूळ करारातलं एक कलम पुरतं. पत्रव्यवहारातून किंवा ई-मेलमधून लेखी ठरलेलंही चालतं. तोंडी ठरलेलं चालत नाही.

कलम खरं की नुसतं नावाचं?

वरती 'लवाद' असं शीर्षक आहे म्हणून ते लवादाचं कलम होत नाही. शब्द पाहावे लागतात. "वाद झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल व त्याचा निवाडा दोघांवर बंधनकारक राहील" असं असेल तर ते पक्कं कलम. "दोघांची इच्छा असल्यास लवादाकडे जाता येईल" असं असेल तर ते पक्कं नाही, कारण तेव्हा पुन्हा दोघांची संमती लागणार. जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. पुढे पुन्हा नव्यानं ठरवावं लागणार असेल, तर तो लवादाचा करार नव्हे.

"अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम" म्हणजे लवाद का?

सरकारी कामं घेणाऱ्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. महाराष्ट्रात बी-१ नमुन्याच्या टेंडरमध्ये कलम ३० असतं. नकाशे, स्पेसिफिकेशन, कामाचा दर्जा अशा प्रश्नांवर अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम आणि बंधनकारक राहील, असा त्याचा मतलब. अनेक जण यालाच लवाद समजतात.

उत्तर प्रदेशातल्या टिपर चंद प्रकरणात १९८० मध्ये आणि पुढे ओरिसातल्या दामोदर दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अशाच धाटणीच्या कलमांना लवादाचा करार मानलं नाही. अभियंत्याला दिलेला हा अधिकार कामावर देखरेख ठेवण्यासाठी आहे, भांडण तोडण्यासाठी नाही, असं कोर्टानं म्हटलं. पण सोलापूरच्या पलीकडे गुलबर्गा विद्यापीठाच्या बांधकाम प्रकरणात २००३ मध्ये अधीक्षक अभियंत्याकडे वाद सोपवण्याचं कलम लवादाचं मानलं गेलं, कारण तिथे शब्दरचना वेगळी होती.

म्हणून दुसऱ्या ठेकेदाराचं ऐकून ठरवू नका. आपल्याच टेंडरची प्रत वकिलाला दाखवा. आणि कलमात "इतक्या दिवसांत वरिष्ठांकडे अपील करावे" अशी अट असेल, तर ती मुदत आधी पाळा. ती चुकली की समोरची बाजू पहिला आक्षेप तोच घेते.

केंद्र सरकारच्या कामांत आणखी एक बदल झाला आहे. ३ जून २०२४ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयानं मार्गदर्शक सूचना काढल्या, की खरेदी आणि कामांच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नये, आणि घातलंच तर ते साधारण १० कोटींच्या आतल्या वादांपुरतं ठेवावं. त्यामुळे केंद्राच्या नव्या टेंडरमध्ये लवाद असेलच असं धरून चालू नका.

कलम असताना दावा लावला तर?

१९९६ च्या कायद्याचं कलम ८ इथे लागू होतं. समोरच्यानं वेळेत मागणी केली आणि कराराची मूळ किंवा प्रमाणित प्रत जोडली, तर कोर्टाला प्रकरण लवादाकडे पाठवावंच लागतं. वरवर पाहताच लवादाचा वैध करार दिसत नसेल तरच कोर्ट नकार देतं.

पण इथे दुसरी बाजूही आहे. हा अर्ज समोरच्यानं वादाच्या मुद्द्यांवर आपलं पहिलं म्हणणं देण्याच्या आत करायचा असतो. त्यानं सरळ कैफियत दिली, लढायला सुरुवात केली आणि मग दोन वर्षांनी लवाद आठवला, तर उशीर झालेला असतो. म्हणजे लवादाचं कलम आपोआप चालत नाही. कुणीतरी वेळेवर ते पुढे करावं लागतं. दोघांनाही कोर्टच हवं असेल, तर दावा कोर्टात चालू शकतो.

आणखी एक गोष्ट. लवादाचं कलम असलं तरी तातडीच्या मदतीसाठी कलम ९ खाली जिल्हा न्यायालयात जाता येतं. समजा काम अर्धवट असताना करार रद्द केला आणि दुसरा ठेकेदार उद्या येऊन त्यावर काँक्रीट टाकणार. तसं झालं तर आपल्या कामाचं मोजमापच पुरलं जाईल. अशा वेळी कोर्टाकडून आधी मोजणी मागता येते. बँक गॅरंटी वटवली जाणार असेल तरी इथेच अर्ज होतो, पण ती थांबवायला फार भक्कम कारण लागतं. असा अंतरिम आदेश मिळाला की ९० दिवसांत लवादाची प्रक्रिया सुरू करायची असते.

पंच कोण नेमणार?

जुन्या करारांत सर्रास लिहिलेलं असायचं, की पंच आमचेच कार्यकारी संचालक नेमतील किंवा ते स्वतःच पंच राहतील. म्हणजे ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, न्यायही त्यानंच करायचा. २३ ऑक्टोबर २०१५ पासून कायदा बदलला. समोरच्या बाजूचा नोकर, सल्लागार किंवा त्या बाजूशी कामाचा संबंध असलेला माणूस पंच होऊ शकत नाही. दोघांनी वाद झाल्यानंतर स्पष्ट लेखी संमती दिली तरच अपवाद.

पुढे पर्किन्स ईस्टमन प्रकरणात २६ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याला एकट्यानं एकमेव पंच नेमता येणार नाही. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सरकारी-खासगी करारांतली अशी एकतर्फी नेमणुकीची कलमं समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवली.

म्हणून वाद झाल्यावर कुणी "आमचा माणूस पंच म्हणून चालेल, इथे सही करा" म्हणालं तर थांबा. ती सही म्हणजे स्वतःच्या हातानं हक्क सोडणं ठरू शकतं.

लवाद सुरू कसा करायचा?

सुरुवात नोटिशीनं होते. कलम २१ प्रमाणे, "हा वाद लवादाकडे सोपवावा" अशी लेखी मागणी समोरच्याला ज्या दिवशी मिळते, त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात. "माझं बिल द्या" असं साधं पत्र म्हणजे ही नोटीस नव्हे. नोटिशीत या गोष्टी असाव्यात:

- कराराची तारीख आणि लवादाच्या कलमाचा नंबर
- किती रक्कम बाकी आहे आणि कशाची: मोजमापाप्रमाणे बिल, जादा काम, अनामत, व्याज
- वाद लवादाकडे नेत आहोत, हे स्पष्ट वाक्य
- पंच म्हणून सुचवलेलं नाव आणि संमतीची मागणी

नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोच जपून ठेवा. एकच पंच नेमायचा असेल आणि मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत दोघांचं एकमत झालं नाही, तर कलम ११ खाली उच्च न्यायालयात अर्ज करता येतो. आपला जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या खंडपीठाखाली येतो, तिथे हा अर्ज जातो. तालुका कोर्टात पंच नेमून मिळत नाही.

स्टॅम्पची भीतीही अनेकांना असते. करार कमी स्टॅम्पवर झाला म्हणजे लवादाचं कलम मेलं, असं नाही. १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की अपुऱ्या मुद्रांकाचा दोष भरून काढता येतो, तेवढ्यानं लवादाचा करार रद्द होत नाही. पण कमी भरलेली रक्कम आणि दंड भरावा लागतो. तेव्हा पहिल्यापासून योग्य स्टॅम्पवर करार केलेला बरा.

तीन वर्षांचं घड्याळ

या सगळ्यात जास्त नुकसान मुदतीमुळे होतं. मुदतीचा कायदा, १९६३ कोर्टालाही लागू आहे आणि लवादालाही. केलेल्या कामाच्या पैशांसाठी साधारण तीन वर्षं मिळतात. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झालं त्या दिवसापासून मोजतात. ठरलेली असेल तर ती तारीख पाहावी लागते.

लवादाच्या बाबतीत या तीन वर्षांच्या आत कलम २१ ची नोटीस समोरच्याच्या हातात पडली पाहिजे. नुसती टपालात टाकून भागत नाही. आणि पंच नेमायला उच्च न्यायालयात जायलाही तीनच वर्षं आहेत. नोटिशीला नकार मिळाला किंवा उत्तरच आलं नाही, की ती मोजायला लागतात. बीएसएनएल विरुद्ध नॉर्टेल या २०२१ च्या निकालात हे स्पष्ट झालं.

लोकांचा समज असतो, की दर सहा महिन्यांनी स्मरणपत्र दिलं की मुदत वाढते. तसं होत नाही. आपण शंभर पत्रं दिली तरी घड्याळ थांबत नाही. मुदत नव्यानं सुरू होते ती समोरच्यानं काही लिहून दिलं तर. मुदत संपायच्या आत त्यानं सहीनिशी "एवढी रक्कम देणे आहे" असं कबूल केलं, किंवा काही रक्कम देऊन त्याची लेखी नोंद केली, तर तिथून नवी तीन वर्षं मिळतात. म्हणून "निधी आला की देऊ" असं साहेब तोंडी म्हणाले तर त्यांच्याकडून ते पत्रावर घ्या. वाफसा निघून गेल्यावर पेरणी करून उपयोग नसतो, तसंच मुदतीचं आहे.

चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे लढताना गेलेला काळ वजा करून मिळू शकतो, पण तो हक्कानं मिळेलच असं नाही. त्याच्या भरवशावर बसू नये.

खर्च किती येतो?

लवाद लवकर संपतो हे खरं. दोन्ही बाजूंची कागदपत्रं दाखल झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा द्यायचा असतो. दोघांच्या संमतीनं आणखी सहा महिने वाढतात, त्यापुढे कोर्टाची परवानगी लागते. पण कोर्टात न्यायाधीशाचा पगार सरकार देतं, लवादात पंचाची फी पक्षकार देतात.

कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात नमुना म्हणून फीचा तक्ता आहे. ५ लाखांपर्यंतच्या वादाला ४५,००० रुपये. ५ ते २० लाखांच्या वादाला ४५,००० अधिक ५ लाखांच्या वरच्या रकमेवर साडेतीन टक्के. पंच एकटाच असेल तर त्यावर २५ टक्के जादा. वरच्या उदाहरणातल्या १२ लाखांचा हिशेब केला तर फी ६९,५०० आणि २५ टक्के धरून ८६,८७५ रुपये होते. ती सुरुवातीला दोघांनी निम्मी-निम्मी भरायची असते. समोरच्यानं आपला वाटा भरला नाही, तर प्रकरण चालू राहावं म्हणून तोही आपल्यालाच भरावा लागू शकतो. शेवटी खर्च कुणावर टाकायचा हे पंच निवाड्यात ठरवतो.

४ लाखांच्या वादात याच तक्त्यानं ५६,२५० रुपये फी होते, शिवाय वकील आणि हेलपाटे वेगळे. म्हणून छोट्या कामाच्या करारात लवादाचं कलम घालण्याआधी विचार करा. घालायचंच असेल तर एकच पंच, बैठक आपल्याच जिल्ह्यात, असं लिहून घ्या. मुंबई किंवा दिल्ली लिहिलेलं असेल, तर सही करण्याआधी जाण्या-येण्याचा हिशेब करा.

करारात लवाद नसेल तर कोर्टाचा रस्ता

लवादाचं कलम नसेल तर दिवाणी दावा. त्यातही काही पायऱ्या आहेत.

शासनाविरुद्ध दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या कायद्यांत नोटीस आणि मुदतीच्या वेगळ्या अटी आहेत, त्या वकिलाकडून सुरुवातीलाच तपासून घ्या.

बांधकामाचे करार आणि टेंडर हे व्यापारी वादात येतात. रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर दावा व्यापारी न्यायालयात जातो. तिथे तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीचा प्रयत्न सक्तीचा आहे. पाटील ऑटोमेशन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑगस्ट २०२२ रोजी हे ठरवलं. ही पायरी गाळली तर दावा फेटाळला जातो. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो, मध्यस्थीला तीन महिने मिळतात, दोघांच्या संमतीनं दोन वाढतात, आणि हा काळ मुदतीत मोजला जात नाही.

रक्कम लहान असेल आणि समोरचा बोलायला तयार असेल, तर लोकअदालत बरी. दावा लावण्याआधीही प्रकरण तिथे नेता येतं. तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. कोर्टात चालू असलेलं प्रकरण तिथे मिटलं तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

उद्यम नोंदणी असलेल्यांना २००६ च्या एमएसएमई कायद्याचाही रस्ता आहे. ४५ दिवसांच्या वर थकलेल्या पैशावर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज मागता येतं. पण नोंदणी करार होण्याआधीची असलेली बरी. आणि नुसता माल किंवा सेवा न देता पूर्ण बांधकामाचा ठेका घेतला असेल, तर मुंबई उच्च न्यायालयानं काही निकालांत असे ठेके या कायद्यात बसत नाहीत असं म्हटलं आहे. पेव्हर ब्लॉक किंवा सिमेंट पाइप बनवून पुरवणाऱ्यानं हा रस्ता जरूर तपासावा.

करारच झाला नसेल तर?

"वर्क ऑर्डर नंतर देतो, तुम्ही काम चालू करा." खेड्यात हे नेहमीचं. पुढे तोच अधिकारी म्हणतो, लेखी आदेश नव्हता. अशा वेळी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७० आधार देतं. काम कायदेशीर होतं, फुकट करायचं म्हणून केलं नव्हतं, आणि समोरच्यानं त्याचा लाभ घेतला, या तीन गोष्टी सिद्ध झाल्या तर मोबदला मागता येतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या प्रकरणात अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम झालं होतं, पण नियमाप्रमाणे करार झाला नव्हता. तरीही १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठेकेदाराचा हक्क मान्य केला. मात्र हा शेवटचा आधार आहे. तो मिळवायला साक्षीपुरावा लागतो, आणि करारातले दर मिळतीलच असं नाही.

पेटी कंत्राटदाराचं काय?

टेंडर एकाच्या नावावर, काम दुसऱ्याचं. यात खरा घाम गाळणाऱ्या पेटी कंत्राटदाराचा शासनाशी करारच नसतो. शासनाकडून पैसे आले नाहीत म्हणून मूळ ठेकेदार हात वर करतो, आणि कार्यालय म्हणतं आम्ही तुम्हाला ओळखत नाही. कायद्यानं त्याची मागणी मूळ ठेकेदाराकडेच लागते.

मूळ टेंडरमधलं लवादाचं कलमही त्याला आपोआप मिळत नाही. केरळमधल्या एका पीडब्ल्यूडी कामाच्या एम. आर. इंजिनिअर्स प्रकरणात पेटी करारात लिहिलं होतं, की मूळ कराराच्याच अटी-शर्तींवर काम होईल. तेवढ्यानं मूळ करारातलं लवादाचं कलम पेटी करारात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये ठरवलं. त्यामुळे पेटी काम घेताना दोन पानांचा का होईना, स्वतंत्र लेखी करार करा. दर, हप्ते, मोजमाप कुणासमोर, आणि वाद झाला तर कुठे जायचं, एवढं त्यात हवंच. "वरून बिल आल्यावरच देईन" असं वाक्य असेल, तर किती महिन्यांनंतर काहीही झालं तरी द्यायचं, याची तारीख लिहून घ्या.

अंतिम बिलावर सही करताना

अडचणीत सापडलेला माणूस मिळेल ते घेतो. "एवढे घ्या आणि काही येणं नाही असं लिहून द्या." एकदा असं लिहून दिलं की पुढची मागणी फार अवघड होते. दबावानं सही घेतली हे सिद्ध करता आलं तर रस्ता उघडतो, असं २००८ च्या बोघारा पॉलिफॅब निकालात म्हटलं आहे. पण नुसतं म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. म्हणून रक्कम स्वीकारताना "उर्वरित मागणीचा हक्क राखून" असं हातानं लिहून सही करा. तसं लिहू दिलं नाही, तर लगेच त्याच आठवड्यात नोंदणीसह स्पीड पोस्टानं हरकत कळवा.

निवाडा आल्यावर

निवाडा हरलेल्या बाजूला न पटल्यास कलम ३४ खाली जिल्हा न्यायालयात तीन महिन्यांत अर्ज करता येतो. सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस, त्यापुढे एकही दिवस नाही. कोर्ट तिथे पुन्हा सगळा हिशेब तपासत नाही, ठरावीक कारणांवरच निवाडा रद्द होतो. नुसता अर्ज केल्यानं वसुली थांबत नाही, वेगळी स्थगिती घ्यावी लागते. व्याजाबाबत करारात "थकीत रकमेवर व्याज मिळणार नाही" असं लिहिलं आहे का, हे मात्र आधीच पाहा. तसं असेल तर निवाड्याआधीच्या काळाचं व्याज सहसा हातातून जातं.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा

- टेंडर आणि कराराची पूर्ण प्रत, शेवटच्या पानापर्यंत
- कार्यारंभ आदेश आणि मुदतवाढीची पत्रं
- मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींची प्रत. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा
- जादा कामाचा लेखी आदेश. तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी "आपण सांगितल्याप्रमाणे" असं पत्र
- चालू बिलं, बँक पासबुक, अनामत कपातीच्या नोंदी
- काम झाकलं जाण्याआधीचे तारखेसह फोटो
- दिलेल्या प्रत्येक पत्राची शिक्का मारलेली पोच

घर बांधून घेणाऱ्यानंही हीच फाइल ठेवावी. काम निकृष्ट निघालं आणि ठेकेदार उचल घेऊन पसार झाला, तर तीच तीन वर्षं आणि तेच कलम मालकालाही लागू आहे.

तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा मदत क्रमांकही आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या लोकांना तिथून मोफत वकील मिळू शकतो.

ज्यांचं बिल आज अडकलेलं आहे, त्यांनी आज संध्याकाळी दोनच गोष्टी कराव्यात. करार काढून वादाचं कलम वाचावं, आणि काम संपल्याच्या तारखेत तीन वर्षं मिळवून ती तारीख कॅलेंडरवर लिहावी. त्या तारखेला सहा महिने उरले असतील, तर पुढचं स्मरणपत्र लिहीत बसू नये, सरळ वकिलाकडे जावं.